चाळकेवाडी ते चंद्रपूर : विजेच्या तासांचा प्रवास

जून २०२५ मध्ये भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेत सौर, पवन, जल, अणू वगैरे बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोचला. २०३० साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं गेलं. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांकडे पाहिलं, तर चारातली जवळजवळ तीन अजूनही कोळशाचीच आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजायला अहवालांपेक्षा एक रस्ता बरा पडतो. तो साताऱ्याच्या पठारावर सुरू होतो, सह्याद्री उतरून पुन्हा चढतो आणि चंद्रपूरच्या कोळशापाशी थांबतो.

महिना मुद्दाम मे निवडावा. देशाची विजेची मागणी ३० मे २०२४ रोजी अडीच लाख मेगावॉटवर गेली होती. उन्हाळ्याच्या या टोकाला धरणं रिकामी, पंखे-एसी चालू आणि पावसाळी वारा अजून यायचा असतो. म्हणजे व्यवस्थेतली प्रत्येक फट उघडी दिसते. वीजगृहांत लेखी परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि फोटोला सक्त मनाई असते. पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं मात्र रस्त्यावरून आणि सार्वजनिक जागेवरून दिसतं.

पहिला दिवस : सातारा, ठोसेघर, चाळकेवाडी

साताऱ्याहून सज्जनगडाचा फाटा मागे टाकून गाडी ठोसेघरकडे चढते आणि धबधब्याच्या पुढे पठार उघडतं. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, दोन्ही बाजूंना पवनचक्क्याच पवनचक्क्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी चाळकेवाडी आणि वनकुसवडे पठारांवर त्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा आशियातल्या मोठ्या पवनक्षेत्रांपैकी एक होता. सकाळी नऊच्या सुमाराला बऱ्याच चक्क्या थांबलेल्या दिसतील. लगेच ‘बंद पडल्यात’ असं म्हणू नये. चक्कीला फिरायला सेकंदाला तीन-चार मीटर वारा लागतो आणि पूर्ण क्षमतेला बारा-तेरा मीटर. मधला सगळा खेळ वेगाच्या घनाचा आहे. वारा सहावरून नऊवर गेला की दीडपट होतो, पण त्यातली ऊर्जा ३.४ पट होते. म्हणून इथल्या वर्षभराच्या युनिटांतली निम्म्याहून जास्त युनिटं जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत येतात. मे महिन्यात दुपारनंतर वारा उठतो आणि तो बघायला चारपर्यंत थांबणं सोयीचं.

इथली बरीचशी जुनी यंत्रं साडेतीनशे किलोवॉटच्या आसपासची, सुमारे ३३ मीटर व्यासाच्या चक्राची आहेत. आजचं यंत्र तीन मेगावॉटचं आणि चक्र १४० मीटरचं. व्यास चौपट झाला की वारा पकडण्याचं क्षेत्र सोळापटीच्या वर जातं आणि उंचीवरचा वाराही जास्त स्थिर मिळतो. देशातल्या वाऱ्याच्या चांगल्या जागा सगळ्यात जुन्या यंत्रांनी अडवल्या आहेत. मग बदलत का नाहीत? केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं, तरी काम रखडतं. त्याची कारणं पठारावर उभं राहिलं की दिसतात. मोठ्या चक्रांमध्ये पाच ते सात व्यासांचं, म्हणजे पाऊण ते एक किलोमीटरचं अंतर सोडावं लागतं. तेवढ्या पट्ट्यात जुनी अनेक यंत्रं आणि त्यांचे वेगवेगळे मालक. त्या काळी घसाऱ्याच्या करसवलतीसाठी कितीतरी उद्योगांनी एक-एक दोन-दोन चक्क्या घेतल्या होत्या. आता दहा मालकांच्या जागेवर एक यंत्र उभं करायचं, तर कुणाचं किती, हे आधी ठरवावं लागतं. शिवाय सत्तर मीटरचं अखंड पातं ठोसेघरच्या वळणांवरून वर न्यायचं म्हणजे वळणं कापावी लागतात, आणि आजूबाजूला राखीव जंगल आहे. तंत्रज्ञान यातलं सगळ्यात सोपं.

दुसरा दिवस : मान्याचीवाडी, कोयनानगर

सकाळी महामार्गाने कराड, तिथून ढेबेवाडीच्या रस्त्याने मान्याचीवाडी. ऑगस्ट २०२४ मध्ये हे राज्यातलं पहिलं सौरग्राम जाहीर झालं. शंभरेक जोडण्यांचं छोटं गाव. छपरांवर साधारण एकेक किलोवॉटचे संच, म्हणजे आताच्या मोठ्या पॅनेलचे दोन. एक किलोवॉटला महिन्याकाठी शंभर ते सव्वाशे युनिटं मिळतात. एवढ्यात गावाकडच्या घराचं बिल शून्यावर येतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं.

गाव पाहण्यासारखं आहेच, पण रात्री आठला या घरांतले दिवे कशावर लागतात, तेही विचारावं. छतावरच्या संचाला बॅटरी नाही. दुपारी जास्तीची वीज तारेवर जाते, मीटर ती मोजतो आणि संध्याकाळी घर तेवढीच तारेवरून परत घेतं. शून्य बिल हा हिशेबाचा शून्य आहे. संध्याकाळची युनिटं दुसरंच कुणीतरी तयार करत असतं. आणखी एक गोष्ट नव्या ग्राहकांना धक्का देते. भर उन्हात लाइन गेली की सौर संचही बंद पडतो. तो बिघाड नसतो. खांबावर वायरमन काम करत असेल तर छपरावरून तारेत वीज येऊ नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो.

दुपारी पाटणमार्गे कोयनानगर. नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. धरणाचा १०५ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) जलाशय, शिवसागर, मे महिन्यात लाल मातीचे पट्टे दाखवत खाली गेलेला असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या खुणा गावात आणि बोलण्यात अजून आहेत. मुक्काम इथेच.

तिसरा दिवस : कुंभार्ली घाट, पोफळी, अलोरे

या प्रवासातला हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस, म्हणून घाई नको.

कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेला मिळून पूर्वेला जायचं. इथे ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली सोडतात. तिथून ते कोळकेवाडी धरणात येतं आणि पुन्हा शंभरेक मीटर उतरून अलोऱ्याला तिसऱ्या टप्प्याची यंत्रं फिरवतं. पुढे वाशिष्ठी, चिपळूण आणि समुद्र. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याचं तोंड उघडलं. धरण रिकामं न करता केलेलं ते देशातलं पहिलं ‘लेक टॅपिंग’. पाणी आणखी खालच्या पातळीवरून घेता यावं म्हणून २०१२ मध्ये ते पुन्हा केलं.

आता हिशेब. पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाची मर्यादा आहे : १ जून ते ३१ मे या जलवर्षात ६७.५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. दोन्ही उतार धरून एका टीएमसीतून साधारण चार कोटी युनिटं निघतात. म्हणजे वर्षाला २७० कोटींच्या आसपास. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. सगळी यंत्रं पूर्ण भाराने चालवली, तर हे पाणी वर्षात सुमारे १,३७५ तासांत संपतं. रोजचे जेमतेम पावणेचार तास.

म्हणून कोयना किती युनिटं देते हा प्रश्नच गौण आहे. ती कोणत्या पावणेचार तासांत देते, यावर सगळं अवलंबून. सूर्य मावळताना राज्यातल्या सौर प्रकल्पांची वीज दोन तासांत शून्यावर येते आणि नेमके त्याच वेळी दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटरी चालू होतात. कोळशाचं संयंत्र थंड असेल तर पेटवून वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी जोडायला कित्येक तास जातात. पोफळीचं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भार घेतं. कुणी कधी किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या, कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून सूचना येते, झडपा उघडतात आणि जाळ्याची वारंवारता, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा आकडा, ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहते. कोयनेचं पाणी तुपासारखं वाढायचं असतं. भर दुपारी, ऊन फुकट असताना ते सोडणं ही चैन आहे.

आणि तरी ते कधीकधी दुपारी सोडावं लागतं. पावसाळ्यात धरण भरत आलं की वेळ बघून चालत नाही. वीजगृहातून आलेलं पाणी शेवटी वाशिष्ठीत जातं, त्यामुळे चिपळूणला पूर आला की पहिलं बोट कोयनेकडे दाखवलं जातं. अतिवृष्टीच्या दिवशी ‘स्वच्छ, स्वस्त, लवचीक’ वीज चालू ठेवायची की शहराचा विचार करून थांबवायची, हा निर्णय अभियंत्याला एकट्याने घेता येत नाही आणि येऊही नये.

चौथा दिवस : कोलाड, भिरा, मुळशी

चिपळूणहून मुंबई-गोवा महामार्गाने उत्तरेला. वाटेत कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं, तेही मे महिन्यात, जेव्हा कोकणातल्या बाकीच्या नद्या कोरड्या असतात. भिरा-रवाळज्याच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणी आहे म्हणून. पाणी सुटलं तरच राफ्ट निघते, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवावी.

भिरा वीजगृह १९२७ चं. त्याआधी खोपोली १९१५ आणि भिवपुरी १९२२. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल टाटांच्या या पाण्यावर चालल्या. कमी कार्बनची वीज हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी एका महानगराने ती वापरली. भिऱ्याला पुढे १५० मेगावॉटचं उदंचन (पाणी परत वर चढवणारं) यंत्रही बसलं.

ताम्हिणी घाट चढून वर आलं की मुळशीचा जलाशय. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. मावळ्यांची जमीन गेली आणि वीज मुंबईला. त्या शंभर वर्षांत धरणाचं कर्ज फिटलं असेल, कोयना-मुळशीच्या विस्थापितांची सगळी देणी फिटलेली नाहीत. सह्याद्रीत नव्या उदंचन प्रकल्पांची जी रांग लागली आहे तिच्या आराखड्यांत हे खातं पहिल्या पानावर हवं. सध्या ते परिशिष्टात असतं.

पाचवा दिवस : घाटघर

पुण्याहून नारायणगाव, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर, शेंडी, घाटघर. रस्ता वळणांचा, पेट्रोल-डिझेल राजूरच्या आधी भरून घ्यावं. घाटघरच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की राज्याच्या ऊर्जाप्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत दिसतं : मागे अकोले तालुक्यातला वरचा जलाशय आणि चारशे मीटर खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याचा खालचा. मधल्या कातळात १२५ मेगावॉटची दोन यंत्रं. २००८ पासून चालू.

यंत्र एकच. पाणी खाली येताना ते टर्बाइन, उलट फिरवलं की पंप. ४१० मीटर उंचीवरून पडणारं एक घनमीटर पाणी, यंत्रातली घट धरून, जवळपास बरोबर एक युनिट देतं. म्हणजे महिन्याला शंभर युनिटं वापरणाऱ्या घरासाठी दहा हजार लिटरचे दहा टँकर चारशे मीटर वरून खाली सोडायचे. पूर्ण २५० मेगावॉट सहा तास चालवायला पंधरा लाख घनमीटर लागतात आणि पंधरा लाख युनिटं मिळतात. ते पाणी परत वर चढवायला साधारण एकोणीस-वीस लाख युनिटं जातात. चार घाला, तीन ते सव्वातीन परत घ्या. दुपारची उरलेली सौर वीज नाहीतर वायाच जाणार असेल, तर हा सौदा उत्तम. कोळसा जाळून पाणी चढवायचं असेल तर मात्र तोटाच.

अडचणी कुठे येतात? ठरावीक वेगाने फिरणारा पंप अर्धा चालत नाही : चालला तर पुरे १२५ मेगावॉट खेचणार, नाहीतर शून्य. ढगामुळे दुपारची जास्तीची वीज साठ मेगावॉटवर आली की तो बंद करावा लागतो. निर्मितीकडून पंपाकडे जाताना यंत्र थांबवायचं, चक्राभोवतीचं पाणी दाबाच्या हवेने खाली ढकलायचं, कोरडं चक्र उलट्या दिशेने वेगाला आणायचं आणि मग पाणी सोडायचं. दिवसातून एकदा हे करायला यंत्र बनलेलं आहे, पण ढगांच्या लहरीनुसार दहादा केलं तर झडपा, सील आणि बेअरिंगं बोलू लागतात. नव्या प्रकल्पांत बदलत्या वेगाची यंत्रं घ्यावीत. महाग पडली तरी घ्यावीत. मिनिटामिनिटाचे चढउतार बॅटरीने सांभाळावेत आणि सहा-आठ तासांचं ओझं डोंगराने.

सहावा दिवस : धोंदलगाव

संगमनेर, कोपरगाव, वैजापूर. सह्याद्रीचा हिरवा-काळा रंग मागे पडतो आणि मराठवाड्याची तापलेली माती सुरू होते. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला, ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. देशात दुसरीकडे हजारो मेगावॉटची सौर उद्यानं असताना हा एवढासा प्रकल्प पाहायला यायचं कारण त्याच्या जागेत आहे. तो गावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ आहे आणि त्याची वीज तिथल्याच शेतीच्या फीडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, संपते. शेकडो किलोमीटरची वाहिनी नाही, साठवण नाही. मागणीच दिवसात सरकवली.

कारण कृषिपंप हा वेळ सरकवता येणारा भार आहे. पिकाला पाणी सकाळी अकराला दिलं काय किंवा रात्री दोनला, पिकाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते शेतकऱ्याचं : रात्रीच्या थ्री फेजच्या पाळीत साप, विंचू, बिबटे आणि ओल्या हाताने स्टार्टर. आठ तास दिवसा किंवा दहा तास रात्री ही जुनी आलटूनपालटून पाळी कोळशाच्या सोयीची होती, कारण कोळशाला रात्रीही गिऱ्हाईक हवं असायचं.

३ मेगावॉटला साधारण बारा ते पंधरा एकर जमीन आणि ५४० वॉटची साडेपाच हजार पॅनेलं. एका मेगावॉटमागे वर्षाला सोळा-साडेसोळा लाख युनिटं. पाच हॉर्सपॉवरची मोटर प्रत्यक्षात सव्वाचार किलोवॉट खेचते, म्हणजे भर दुपारी सातशे मोटरी एकदम. सकाळी नऊला मात्र त्याच्या निम्म्यादेखील नाही. बाकीची वीज जाळ्यातून घ्यावी लागते, हे गावात कुणी सांगत नाही.

पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. मे महिन्यात काचेखालचा सेल ६५-७० अंशांवर जातो आणि अंशामागे ०.३५ टक्क्यांच्या हिशेबाने पंधरा टक्के वीज उष्णतेतच जाते. धुळीचं वेगळं. पॅनेलमागे दोन लिटर धरले तरी एका धुण्याला अकरा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. टँकरची वाट बघणाऱ्या गावात काचा धुवायला तो आणणं शोभत नाही, म्हणून इथे कोरडे ब्रश बरे.

खरा घोळ फीडरवर होतो. बहुतेक मोटरींना ऑटो स्विच असतो. थ्री फेज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते, दाब कोसळतो, डीपी (रोहित्र) जळते आणि दोष सौर प्रकल्पाला मिळतो. उपाय स्वस्त आहेत : प्रत्येक मोटरीला कपॅसिटर, ऑटो स्विचला वेगवेगळ्या मिनिटांचा विलंब आणि फीडर दोन-तीन गटांत थोड्या अंतराने चालू करणं. मेगावॉटमागे कोट्यवधी खर्चणाऱ्या योजनेत काहीशे रुपयांचा कपॅसिटर कुणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

सातवा दिवस : समृद्धी महामार्ग

वैजापूरहून चढून नागपूर. बघण्यासारखं फार नाही, पण विचार करायला वेळ मिळतो. शेजारून जाणारे ट्रक सगळे डिझेलचे. देश वापरतो त्या एकूण अंतिम ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा आहे. उरलेलं डिझेल, गॅस, भट्ट्यांचा कोळसा, चुलीचं सरपण. ट्रक आणि भट्ट्या विजेवर आणायच्या, तर विजेची मागणी आजच्या कितीतरी पट होईल. इलेक्ट्रिक गाडीने येणाऱ्यांनी ताशी १२० ऐवजी ९० धरावं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि मे महिन्यातल्या दुपारी बॅटरी थंड ठेवायलाही वीज जाते.

आठवा दिवस : चंद्रपूर

नागपूरहून दक्षिणेला. दुर्गापूरच्या चिमण्या लांबूनच दिसतात. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्र, २,९२० मेगावॉट : २१० ची दोन आणि ५०० ची पाच संयंत्रं. ऐंशी टक्के भाराने चाललं आणि युनिटमागे सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला ३९,००० टन, म्हणजे मालगाडीचे दहा रेक. त्यातला तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राख. पाणी इरई धरणाचं. इथून निघणारी ५०० केव्हीची एकदिश (डीसी) वाहिनी ७५२ किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. १९९९ पासून मुंबईच्या बाजूचा प्रकाश आणि चंद्रपूरची राख या एकाच तारेची दोन टोकं आहेत.

हे केंद्र बंद करायला काय लागेल? सरासरी पासष्ट टक्के भार धरला, तर वर्षाला १,६६० कोटी युनिटं. त्यासाठी दहा हजार मेगावॉट सौर आणि चाळीस हजार एकर जमीन. राज्यभर विखुरली तर अशक्य नाही. पण ऊन नसलेल्या पंधरा तासांत १,९०० मेगावॉट द्यायचे तर रोज २.८५ कोटी युनिटं साठवावी लागतील. घाटघर रोज पंधरा लाख देतं. म्हणजे एकोणीस घाटघर, फक्त एका चंद्रपूरसाठी. जुलैत ऊन नसेल तेव्हा चाळकेवाडीचा वारा भरात असतो, ही जोडी चांगली जमते. ऑक्टोबरनंतर वारा पडतो आणि रब्बीच्या मोटरी सुरू होतात. त्या दिवसाच वळवल्या तर निम्मा प्रश्न सुटला. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री, आणि त्यांच्यासाठी भरलेलं कोयना हाताशी असतं.

तोवर कोळशाचं काम बदलत जाणार. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार संयंत्रांना टप्प्याटप्प्याने चाळीस टक्के भारावर उतरता आलं पाहिजे. ५०० चं संयंत्र दुपारी २०० मेगावॉटवर आणायचं आणि संध्याकाळी परत वर. नियमातल्या वेगाने (चाळीस ते पंचावन्नपर्यंत मिनिटाला एक टक्का, सत्तरपर्यंत दोन, पुढे तीन) हा चढ तेहेतीस मिनिटांचा आहे. कागदावर. चाळीस टक्क्यांवर राखेने भरलेल्या कोळशाची ज्योत डगमगते, मग ती धरून ठेवायला तेल जाळावं लागतं. रोज गरम-गार होऊन बॉयलरचे जाड भिंतींचे हेडर आणि नळ्या थकतात आणि ‘ट्यूब लीकेज’ (नळीला गळती) झालं की बॉयलर थंड करून, वेल्डिंग आणि दाबचाचणी होऊन परत पेटेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. या झिजेचे पैसे आजच्या युनिटच्या दरात नीट धरलेले नाहीत. ते संयंत्र किती वीज विकतं यापेक्षा बोलावल्यावर उठतं की नाही, याचे पैसे वेगळे द्यायला हवेत.

त्या हिशेबाने आधी बंद व्हावीत ती २१० ची दोन जुनी, १९८० च्या दशकातली संयंत्रं. ५०० ची काही काळ हिवाळी रात्रींसाठी ठेवावीत. स्विचयार्ड, पडघ्याची वाहिनी आणि इरईच्या पाण्याचा हक्क मात्र एकाही संयंत्रासोबत मोडीत काढू नये. बॅटऱ्या आणि सौर वीज जोडायला हीच तयार जागा आहे. कायम कामगारांची बदली कोराडी-खापरखेड्याला होऊ शकते. राखेच्या ट्रकवर आणि कोळसा हाताळणीवर असलेल्या कंत्राटी माणसांसाठी मात्र कुठल्याही आराखड्यात रकाना नाही. संयंत्र बंद करायच्या तारखेआधी तो भरावा लागेल.